अब्राहाम नियम पाळून तरला नव्हता

“जुन्या करारातले लोक नियमशास्त्र पाळून तरत, येशू आल्यावर देवाने ती रीत मोडली आणि कृपा सुरू केली.” हे वाक्य सतत फिरते, आणि त्याला शेपूट असते: म्हणून जुना करार वाचला नाही तरी चालेल. मला हे फार लागते, कारण त्यात अब्राहामाचा देव आणि येशूचा पिता जणू दोन निराळे ठरतात.

अब्राहामापाशी नियमशास्त्र, म्हणजे मोशेद्वारे दिलेल्या आज्ञा, होतेच कुठे? प्रेषित पौल गलतीकरांना सांगतो, अब्राहामाला दिलेले वचन आधी आणि नियमशास्त्र ४३० वर्षांनी. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राहाम विश्वास ठेवतो आणि देव त्याला नीतिमान गणतो. सुंतेची आज्ञा येते १७व्यात. त्याच १५व्या अध्यायातल्या विधीपाशी मी दर वेळी थांबतो. कालवड, शेळी आणि मेंढा चिरून अर्धे भाग समोरासमोर मांडलेले. करार करणाऱ्याने त्यांमधून चालायचे, म्हणजे शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो. यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात हा अर्थ उघड दिसतो. पण अब्राहाम गाढ झोपेत आहे. तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल. देव एकटाच जातो, शपथेचा सगळा भार स्वतःवर घेऊन. ही कृपा नव्हे तर काय?

“पण सीनाय पर्वतावर मोशेला आज्ञा दिल्याच ना?” दिल्या. मात्र पहिल्या आज्ञेआधी देव म्हणतो, मिसरच्या दास्यातून तुला बाहेर काढणारा तो मी. सुटका आधी, आज्ञा मागाहून.

यज्ञांनी पापे जात, हेही खरे नाही. बैलांचे नि बकऱ्यांचे रक्त पाप दूर करू शकत नाही, असे इब्री लोकांस पत्रच (१०:४) सांगते. ते यज्ञ ख्रिस्ताच्या यज्ञाची सावली होते.

एक मान्य करतो: देव माणसाला दोन्ही करारांत कृपेनेच तारतो, या मांडणीला ‘कृपेचा करार’ म्हणतात, पण हे शब्द पवित्र शास्त्रात नाहीत. ही मांडणी प्रोटेस्टंटांमधल्या सुधारणावादी (रिफॉर्म्ड) परंपरेची. स्विस धर्मसुधारक बुलिंगरने १५३४ मध्ये देवाच्या एकाच सार्वकालिक करारावर लिहिले. पुढे १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्याच्या सातव्या अध्यायाने म्हटले की कृपेचा करार एकच, काळानुसार चालवण्याची रीत निराळी. बाप्टिस्टांपैकी अनेकांच्या मते ख्रिस्तापूर्वी या कराराचे फक्त वचन होते, करार स्थापन झाला ख्रिस्ताच्या रक्ताने. तरी अब्राहाम कृपेनेच तरला, हे तेही मानतात.

मग ‘नवा’ कशात? देव नियमशास्त्र दगडी पाट्यांऐवजी हृदयावर लिहील आणि पापांची आठवण ठेवणार नाही. हे अभिवचन आहे यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात, म्हणजे जो वाचू नका म्हणतात त्याच जुन्या करारात.