लिव्हर मुठीला टेकला तेव्हा डिस्क नवीकोरी होती

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय. पंधरा दिवसांत मला तो चौघांनी पाठवला. दोघांनी ‘खरंय का रे?’ असं विचारत, दोघांनी खरं धरूनच. मेसेज थोडक्यात असा: रेसच्या ट्रॅकवर गाडी न्यायची तर मोठी डिस्क आणि मोठा मास्टर सिलेंडर (लिव्हरपाशी ऑइलवर दाब देणारा भाग) टाका, गाडी अर्ध्या अंतरात थांबते. स्टीलचा होज (ब्रेक ऑइलची नळी) टाका, ब्रेकची पॉवर वाढते. ब्रेक ऑइल डॉट ५ प्रतीचं भरा, आकडा मोठा तितकं ऑइल भारी. आपल्या खान्देशची हवा कोरडी, त्यामुळे ऑइल काळं पडेपर्यंत बदलू नका. आणि शेवटी ठसक्यात: जो ब्रेक औट्रम घाट उतरतो, तो ट्रॅकवर डोळे झाकून चालतो.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. बाकीच्या चुका त्याच्याच पोटातून निघाल्यात.

चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट मी शेकड्यानं वेळा उतरलोय. वळणाआधी साठवरून तीसवर यायचं, एवढंच काम. गाडी आणि स्वार मिळून २४० किलो धरा. साठवरून तीसवर येताना ब्रेकला साधारण २५ किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. आता ट्रॅकची सरळ पट्टी घ्या: दीडशेवरून साठवर. ते होतात १७५. सातपट! वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्याचा हा हिशेब. घाटात उताराची भर पडते हे खरं, पण ती कित्येक किलोमीटरांवर पसरलेली असते आणि इंजिनही गाडी धरून ठेवतं. ट्रॅकवर हा तडाखा काही सेकंदांत बसतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा त्याच जागी बसतो. डिस्कला निवायला उसंतच मिळत नाही. केळीचे ट्रक घाट उतरून आले की चाकांतून जो जळका वास येतो, तो आठवा. ट्रॅकवर भांडण थांबण्याशी नसतं, उष्णतेशी असतं. मेसेज लिहिणाऱ्याला हेच कळलेलं नाही.

आता ऑइल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच माझा चाळीसगावचा मित्र वाचला.

आम्ही दोघं कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गेलो होतो. दोन किलोमीटरच्या आसपासचा छोटा ट्रॅक. सराव करायला चांगला. मित्रानं जाण्याआधी मोठी डिस्क बसवून घेतली होती, चकचकीत, भोकांची नक्षी असलेली. दुपारच्या फेऱ्यांत तो एका वळणावर सरळ बाहेर गेला. नशिबानं पुढे मोकळी जागा होती. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या जागेत आला तो हेल्मेट न काढताच म्हणाला, “भाऊ, लिव्हर ते पार मुठले टेकी गया!” मी दाबून पाहिला. स्पंजासारखा आत जात होता. गंमत पुढेच आहे: अर्ध्या तासानं तोच लिव्हर पुन्हा ठणठणीत. कुणाला दाखवला असता तर ‘काही झालं नाही, घेऊन जा’ असं म्हणून त्यानं गाडी परत दिली असती.

झालं होतं असं की कॅलिपरमधलं, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागातलं, ऑइल उकळलं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे बोटांचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात गेला, पॅडपर्यंत पोचलाच नाही. गार झाल्यावर वाफ विरली आणि लिव्हर परत आला. संध्याकाळी कॅलिपरचा निपल (ऑइल काढायचा छोटा स्क्रू) उघडून जुनं ऑइल काढलं तेव्हा बाटलीत कोरा चहा उतरला. गाडी घेतल्यापासून तीन वर्षांत ते बदललंच नव्हतं.

नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. ‘आपल्याकडे हवा कोरडी’ हा युक्तिवाद मे महिन्यात भुसावळला ४५ अंशांत बसून पटतो, मान्य. पण जून ते सप्टेंबर घरातलं मीठ कसं गोळा होतं ते बघा की! डॉट ४ तसंच हवेतली ओल ओढतं, आणि रबरी होजमधूनही ओल हळूहळू आत शिरते. रंगावरून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. दिसायला पिवळंधम्मक ऑइलही ओलं असू शकतं. रोजच्या वापराला दोन वर्षांनी बदललं तरी चालेल. ट्रॅकवर जायचं असेल तर जाण्याआधी बदलायचंच, आणि सीलबंद डब्यातलं. मागच्या वर्षीचा अर्धा उघडा डबा नाही.

काम घरी होतं. निपलवर आधी रिंग पाना चढवून मग पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा उघडायचा, ऑइल आलं की बंद करायचा, मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला की हवा परत आत. हँडलवरची ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो. माझ्या गाडीवर आजही एक रुपयाएवढा डाग आहे. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर मात्र काही गाड्यांना मशीन लावावं लागतं, तिथे घरची हौस नको.

डॉट ५ चा सल्ला तर सरळ धोक्याचा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलच्या कुळातले. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि एबीएसच्या गाडीत डॉट ५ भरायचं नसतं. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा ५.१ बद्दल ऐकलं आणि टिंब खाल्लं. त्या टिंबात अख्खी ब्रेक सिस्टीम खोलण्याचा खर्च आहे.

मोठी डिस्क. गाडी किती अंतरात थांबणार ते टायरची पकड आणि मागचं चाक कधी उचलतं यावर ठरतं. तुमचा आजचा ब्रेक दोन बोटांत एबीएस चालू करत असेल, तर टायरला झेपेल तेवढा जोर आधीच मिळतोय. मोठी डिस्क जास्त उष्णता पोटात घेते, कमी दाबात काम करते, हा तिचा खरा फायदा. अर्धं अंतर वगैरे नाही. मास्टर सिलेंडरचं तर उलटंच आहे. १४ मिलीमीटरच्या जागी १६ चा टाकला, कॅलिपर तोच ठेवला, तर त्याच बोटाच्या जोरात दाब सुमारे २३ टक्क्यांनी कमी मिळतो. लिव्हर दगडासारखा कडक होतो आणि लोकांना वाटतं ब्रेक भारी झाला.

स्टीलच्या होजबद्दल फार भांडत नाही. तो चांगलाच असतो. फुगत नाही, त्यामुळे बोटाला नेमकं कळतं किती दाबलंय. पॉवर वाढत नाही, एवढंच. बसवताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पुढचा शॉक पूर्ण ताणून बघा, होज कुठे ओढला जायला नको. आणि तांब्याची वायसर नवी घ्या, जुनीच चेपून लावू नका.

आता मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ते: पॅड. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. ऑरगॅनिक पॅड गावात मऊ आणि छान लागतात, पण फार तापले की पकड सोडतात. तेव्हा लिव्हर कडक राहतो आणि गाडी मात्र थांबत नाही. ऑइल उकळल्याची खूण याच्या बरोबर उलटी, त्यामुळे दुखणं ओळखता येतं. ट्रॅकला सिंटर्ड, म्हणजे धातूच्या पुडीचे, पॅड घ्या, डिस्कला चालतात का ते विचारून. बसवल्यावर आधी हलक्या, मग जरा जोराच्या दाबांनी डिस्कवर त्यांचा थर बसू द्या. अर्धे झिजले की ट्रॅकसाठी निकामी समजा: पातळ पॅड उष्णता सरळ त्याला दाबणाऱ्या पिस्टनकडे आणि ऑइलकडे पाठवतो. नवे पॅड घालताना पिस्टन आत ढकलण्याआधी साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं घासा. आपल्या काळ्या मातीची धूळ त्यावर चिकटून बसते. तशीच ढकलली तर सील खरवडतं, पिस्टन अडकतो आणि ब्रेक घासत राहतो. चेनचा स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर फडकं टाका, तेल उडालं की पॅड गेले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एका पॅडच्या जोडीनं शिकवलं.

पिटमध्ये आल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी मारणारेही पाहिलेत. डिस्क वाकडी व्हायला आणखी काय लागतं! शेवटची फेरी हळू मारा, उभं राहिल्यावर पुढचा ब्रेक दाबून ठेवू नका, गाडी गिअरमध्ये टाका.

मित्रानं त्या रात्री नवं ऑइल भरलं. पॅड माझ्याकडचे जास्तीचे दिले, त्याच्या कॅलिपरला बसणारेच होते. दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत त्याच वळणावर एकदाही बाहेर गेला नाही. नवी डिस्क काढून जुनी लाव, एवढा पैसा अडकवून ठेवू नकोस, असं सांगून पाहिलं. तो हसला. “राहू दे ना भाऊ, दिखाले भारी से.”