पुरस्काराचा फोटो आणि माझं बिल

सकाळी फेसबुक उघडलं तर पहिलाच फोटो त्याचा. उद्योजक म्हणून पुरस्कार, हातात काचेचं सन्मानचिन्ह, खाली अभिनंदनांची रांग. त्याच्याकडे माझं बिल आठ महिने थकलंय. नाव लिहीत नाही, पण आज गप्प बसवत नाही.

मी पुठ्ठ्याचे खोके बनवतो. पहिल्या ऑर्डरचा माल न्यायला तो स्वतः आला होता. एकेक खोका उघडून कोपरा नखाने दाबून बघितला, दोन खोके बाजूला काढले आणि पंधराव्या दिवशी पैसे चुकते केले. तेव्हाच वाटलं होतं, हा पोरगा धंदा करणार.

गेल्या महिन्यात वसुलीसाठी त्याच्या नव्या ऑफिसात गेलो. भिंतभर स्क्रीन, त्यावर फॉलोअर्सचा आकडा पळतोय. हिशेब बघणारी मुलगी मान वर न करता म्हणाली, "काका, बिल परत मेल करता का?" तिच्या टेबलावर बिलांचा गठ्ठा, रबरबँड तुटायला आलेलं. तिचाही दोन महिन्यांचा पगार झालेला नाही, हे मला निघताना जिन्यात कळलं.

डोकं फिरतं ते इथे. थाट करायचाय ना, स्वतःच्या पैशाने करा! ती स्क्रीन माझ्या कागदवाल्याच्या पैशावर चालते. त्याला मी काय तोंड दाखवू? आणि विक्री वाढली, विक्री वाढली म्हणून नाचता. नगामागे तोटा असेल तर विक्री दुप्पट झाली की खड्डाही दुप्पट होतो. हे कळायला एमबीए लागत नाही.

चारचौघांत नीटनेटकं दिसावं लागतं, मान्य. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनीच बघतं. बास, त्यापलीकडे मान्य नाही.

ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्क या अमेरिकन कंपनीचं काय झालं? जानेवारी २०१९मध्ये मूल्यांकन ४७ अब्ज डॉलर. त्याच वर्षी आयपीओची, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकायची, कागदपत्रं बाहेर आली आणि लोकांनी आकडे वाचले: आदल्या वर्षी जवळपास उत्पन्नाइतकाच तोटा. आयपीओ मागे घ्यावा लागला. नोव्हेंबर २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. मोठ्यांना गुंतवणूकदार तरी असतात वाचवायला. आमच्यासारख्यांना कोण आहे?

एवढं लिहिलं आणि राग जरा उतरला. त्याच्या पहिल्या खोक्याची डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, अजून माझ्याकडे आहे, भंगारात टाकायला हात धजत नाही. कोपरा दाबून बघणारा तो पोरगा खोटा नव्हता. मी पाहिलाय त्याला.

उद्या फोन करणार आहे. त्या मुलीला नाही, त्याला.