इंजिन बदललं तर इंजिनाचा धूर तपासा, नुसती नंबरप्लेट नको

"इंजिन बदललं की पीयूसी निघत नाही" हे वाक्य आपल्या नागपुरात कामठी रोडपासून वाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं येतंच, "पण भाऊ टेन्शन नका घेऊ, कागद आपण काढून देतो ना". मला या दोन्ही वाक्यांचा मनापासून राग आहे. पोस्ट लांब होणार आहे, पण ज्यांच्या घरी जुनी जिप्सी, जीप, अँबेसेडर उभी आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

पहिलं वाक्य साफ चुकीचं आहे. पीयूसीवाला करतो काय? पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतो, गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो, बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचं सरकारी मानक) किंवा त्यापुढची गाडी असेल तर आरपीएम २५०० च्या आसपास नेऊन परत बघतो, तिथे लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, पण तपासतात. डिझेल असेल तर रेस देऊन धुराचा काळेपणा. मशीनला इंजिन कोणत्या गाडीतून आलं याच्याशी काही घेणंदेणं नाही. नवीन इंजिन नीट बसवलं असेल, म्हणजे त्याच्या ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा, त्यालाच कॅट म्हणतात) सगळ्या गोतावळ्यासकट, तर ते जुन्यापेक्षा कितीतरी आरामात पास होतं.

अडचण अशी की आपल्याकडे इंजिन येतं ते एकटं. भंगारवाला वायरिंगचा हार्नेस कापून देतो, ईसीयूचे वेगळे पैसे मागतो, आणि कॅट तर तुम्हाला दिसणारच नाही कारण त्याच्या आतल्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, ती आधीच विकली गेलेली असते. ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात त्या बातम्या याच्यासाठीच असतात. मग मिस्त्री सरळ पाइप जोडून देतो, गाडी पळते पण मस्त, आणि मशीनवर चढवली की आकडे वर. मग म्हणायचं की बघा, बदललेलं इंजिन पास होत नाही!

अजून एक खास आपल्याकडची सवय. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणं. "नागपूरची गरमी आहे भाऊ, याचं काय काम", असं म्हणून किती गाड्यांचे थर्मोस्टॅट फेकले असतील कोण जाणे. कार्ब्युरेटरच्या गाडीत हे खपून जात होतं, पण एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) इंजिनाचा ईसीयू कूलंटचं तापमान बघून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इंजिन गरमच झालं नाही तर तो बिचारा थंड इंजिन समजून जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. झालं, कार्बन मोनॉक्साइड वाढला. तसंच एक्झॉस्टच्या सांध्याचं. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे कुठे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू अजून सोडतो. मिस्त्री मात्र इंजेक्टर साफ करून राहिला, प्लग बदलून राहिला, आणि दोष पन्नास-शंभर रुपयांच्या गॅस्केटमध्ये. हायड्रोकार्बन वर असेल तर मग प्लग, मिसफायर, ऑइल जळतंय का ते बघा. आणि टेस्टला जायच्या आधी गाडी नीट फिरवून आणा, कॅट अडीचशे-तीनशे डिग्रीच्या आसपास तापल्याशिवाय कामच करत नाही, घरून दोन गल्ल्या ओलांडून थेट पीयूसीवर गेलात तर चांगली गाडी पण फेल दिसू शकते.

म्हणजे धुराचा प्रश्न सुटणारा आहे. न सुटणारा प्रश्न कागदाचा, आणि माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

माझ्या मावसभावाकडे जुनी जिप्सी आहे, ९७० सीसी, कार्ब्युरेटरवाली. इंजिन थकलं. त्याचा विचार असा होता की शेवटच्या काळातल्या बीएस-४ जिप्सीचं १३०० सीसी एमपीएफआय इंजिन बसवायचं, कॅटसकट, सेन्सरसकट, टाकीतल्या पंपासकट, सगळं नियमात आणि आरसीवर चढवून. कंपनी तीच, मॉडेलचं नाव तेच. आरटीओच्या खिडकीवर उत्तर मिळालं, होणार नाही. साहेबांवर माझा राग नाही, कायदाच तसा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच्यासाठी मोकळे रस्ते दोनच उरले, तसंच जुन्या पद्धतीचं इंजिन बसवा नाहीतर आहे तेच खोला. त्याने आहे तेच खोललं, बोअर करून, पिस्टन नवे टाकून.

आता आकडे बघा. त्या जुन्या गाडीला पीयूसीत मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलवर मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइडमध्ये दहापट फरक! म्हणजे जो माणूस स्वतःच्या खिशातून पैसे घालून स्वच्छ इंजिन बसवायला तयार होता त्याला नियमाने घाण इंजिनावर ठेवलं, आणि ते इंजिन दर सहा महिन्यांनी पीयूसीत सन्मानाने पास होणार. हे मला पटत नाही, कितीही समजावलं तरी पटणार नाही.

आणि दुसऱ्या बाजूला काय चाललंय? पेट्रोलच्या जीपमध्ये कुठल्यातरी गाडीचं डिझेल इंजिन चढवलेलं, आरसीवर अजून पेट्रोल, आणि गाडी वर्षानुवर्षं फिरते. पीयूसी केंद्रावर गाडीचा नंबर टाकला की सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून इंधन, नॉर्म (म्हणजे बीएस किती ते) सगळं आपोआप येतं, नंबरप्लेटचा फोटो निघतो, क्यूआर कोडवाला कागद बाहेर. बोनेट उघडून इंजिन नंबर बघायचा टप्पाच त्यात नाही. पकडला गेला तर कलम १८२अ मध्ये बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, धुरासाठी कलम १९०(२) मध्ये १०,००० पर्यंत दंड आहे, सगळं आहे, पण बघतो कोण? जो लपवतो तो सुटतो, आणि जो फाइल घेऊन रांगेत उभा राहतो त्याला नाही म्हणतात.

कोणी म्हणेल की परवानगी दिली तर लोक वाट्टेल ते बसवतील, ब्रेक-सस्पेन्शन झेपणार नाही अशी इंजिनं टाकतील. भीती खरी आहे, मला मान्य आहे. पण त्याचा मार्ग दुसऱ्यांनी काढून ठेवलाय. कॅलिफोर्नियात, जिथे धुराचे नियम अमेरिकेत सगळ्यात कडक, तिथे इंजिन बदलता येतं. अट अशी की इंजिन गाडीच्या सालातलं किंवा त्याहून नवं पाहिजे, त्याच प्रकारच्या वाहनातलं पाहिजे, आणि त्याच्याबरोबरची धूर कमी करणारी सगळी सामग्री जशीच्या तशी बसलेली पाहिजे. मग सरकारने नेमलेला रेफरी गाडी तपासतो, पटलं तर गाडीवर लेबल लावतो, पुढच्या तपासण्या त्या लेबलावरच्या माहितीने होतात. इतकं साधं आहे.

आणि आपल्याकडे हे अगदीच परकं आहे असंही नाही. सीएनजी किटचं बघा, मंजूर किट, अधिकृत फिटर, आरसीवर नोंद, सगळी घडी बसलेली. २०२२ मध्ये तर केंद्राने ३.५ टनांपेक्षा कमी वजनाच्या बीएस-६ गाड्यांमध्ये डिझेल इंजिनाच्या जागी सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवायला नियम करून दिले. म्हणजे इंजिन बदलून धूर कमी होतो हे सरकारला मान्य आहे, फक्त इंधन बदललं तरच. पेट्रोलच्या जागी स्वच्छ पेट्रोल इंजिन टाकणाऱ्याने काय पाप केलं?

आपलं शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था इथेच आहे, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची धुराडी आपण रोज बघतो, आणि रस्ते वाहतूक खातं २०१४ पासून गडकरी साहेबांकडे आहे, आपल्याच गावच्या माणसाकडे. म्हणून मी त्यांच्या कार्यालयाला पत्र लिहून राहिलो. मागणी मोजकी आहे. त्याच सालातलं किंवा नवं इंजिन, त्याची सगळी धूर-यंत्रणा सोबत, मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी, आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर आणि नवा नॉर्म, आणि त्यापुढे पीयूसी त्या नव्या, कडक नॉर्मनेच. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण सवलत मागत नाहीये आम्ही, जास्त कडक परीक्षा मागतोय. आणि पीयूसीच्या वेळी बोनेट उघडून इंजिन नंबरचा फोटो पण घ्या, जो लपवतो त्याचं तिथेच उघडं पडेल.

एमएच-३१, एमएच-४९, एमएच-४० कुठल्याही नंबरवाल्याने इंजिन बदलून रीतसर आरसीवर नोंद करून घेतली असेल, अगदी त्याच प्रकारचं इंजिन असलं तरी, तर मला इनबॉक्स करा. इंजिनाचं बिल, पोलिसांकडून इंजिन चोरीचं नाही याचा दाखला, इन्शुरन्स, इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट, यातलं कोणाला काय मागितलं आणि किती दिवस लागले ते एकत्र करून पत्रासोबत जोडायचंय.