जास्वंद आठ दिवसांत फुलांनी लगडते का?

चहाचा चोथा, अंड्याची टरफले, केळीच्या सालींचे पाणी आणि तुरटीचा खडा कुंडीत घातला की आठ दिवसांत जास्वंद फुलांनी लगडते, असा दावा सर्वत्र फिरतो आहे. झाड रुसले म्हणून हे उपाय करणाऱ्यांच्या कुंड्या अधिकच बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून त्यातील एकेक गोष्ट तपासणे मला आवश्यक वाटते.

प्रथम आठ दिवसांची मुदत. जास्वंदीला कळ्या नव्या फुटव्यावर येतात आणि बारीक हिरवी कळी दिसू लागल्यापासून ती उमलेपर्यंत काही आठवडे जातात. त्यामुळे आठव्या दिवशी दिसणारे फूल उपायाच्या आधीच धरलेल्या कळीचे असते.

चहाच्या चोथ्याबाबत सर्वाधिक सावध राहायला हवे. आपल्याकडे चहा दूध-साखर घालून उकळतात आणि तोच चोथा न धुता मातीवर पसरला, तर गोडाच्या वासाने मुंग्या येतात. याच मुंग्या पिठ्या ढेकणांनी (झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या, कापसासारख्या किडींनी) स्रवलेला चिकट गोड द्रव खातात, त्या बदल्यात ढाल किड्यांसारख्या भक्षकांपासून त्यांचे रक्षण करतात आणि त्यांना एका फांदीवरून दुसरीवर नेतात. शेंडे आकसणे, कळ्या न उमलताच गळणे ही जास्वंदीची नेहमीची तक्रार पुष्कळदा येथून सुरू होते. चोथा वापरायचाच असेल, तर तो स्वच्छ धुऊन कंपोस्टमध्ये पूर्ण कुजवावा.

अंड्याची टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात चुन्याचाच प्रकार. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर असते. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथे टरफलांचा काहीही उपयोग नाही. कोकणातील जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत कॅल्शियम उपयोगी पडू शकते, पण जाडसर टरफले विरघळायला फार काळ लागतो. तुरटीने मातीचा सामू (पीएच) उतरतो, म्हणजे माती अधिक आम्लधर्मी होते, हे मान्य करायला हवे. मात्र चुनखडीच्या मातीत तो परिणाम टिकत नाही आणि आम्लधर्मी मातीत तुरटीतील ॲल्युमिनियम मुळांच्या टोकांची वाढ खुंटवते. शिवाय टरफले आणि तुरटी यांचा मातीवरील परिणाम परस्परविरुद्ध असताना दोन्ही एकाच कुंडीत घालण्याचा सल्ला कोणत्या विचाराने दिला जातो, हे मला उमगलेले नाही.

केळीच्या सालीत पालाश (पोटॅशियम) असते आणि जास्वंदीला ते हवेही असते, परंतु सालींच्या पाण्यात नत्र जवळजवळ नसल्याने ते खताची जागा घेऊ शकत नाही.

फूल न येण्याचे कारण बहुतेक वेळा कुंडीच्या जागेत सापडते. जास्वंदीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते; सावलीतल्या गॅलरीत ती पाने धरते, कळ्या मात्र मोजक्याच येतात. त्याखालोखाल महत्त्व छाटणीचे आहे, कारण जुन्या लांबट फांद्या तशाच ठेवल्या की नवे फुटवे कमी येतात. वरचा एक तृतीयांश भाग डोळ्याच्या (फांदीवर नवा फुटवा येतो त्या जागेच्या) थोडा वर कापून चांगले कुजलेले शेणखत दिले आणि पाण्यात खंड पडू दिला नाही, तर दीड-दोन महिन्यांत नव्या शेंड्यांवर कळ्या दिसू लागतात. गणपतीला घरची लाल जास्वंद वाहायची असेल, तर ही छाटणी जूनच्या सुरुवातीलाच उरकावी.