बॅग उचलायचं काम

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी आपल्या बेळगावच्या कुंद्याचे फोटो बघत बसावं.

शहरातल्या जुन्या खेळाडूंचा सत्कार आहे म्हणून सकाळी अप्पांना घेऊन नाव नोंदवायला गेले होते. कुणाचा कार्यक्रम ते लिहीत नाही. फॉर्मवर 'खेळ' या रकान्यात मी गोल्फ लिहिलं. टेबलावरच्या पोराने ते वाचलं आणि अप्पांकडे चपलेपासून टोपीपर्यंत बघितलं. "काका, तुम्ही गोल्फ खेळत होता?" अप्पांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "कॅडी होतो रे, कॅम्पात. खेळणाऱ्या साहेबांची बॅग घेऊन फिरायचो, कुठली काठी घ्यायची ते सांगायचो." पोरगा हसला. "मग ते खेळ न्हवे की काका. ते बॅग उचलायचं काम."

अप्पा "व्हय की" म्हणाले आणि उठले. पोराच्या हसण्यापेक्षा मला त्या 'व्हय की'चा जास्त राग आला.

आपल्याकडे गोल्फचं मैदान म्हटलं की लोकांना एकच आठवतं, २०२२ चा बिबट्या. आजूबाजूच्या शाळा बंद, वनखात्याची माणसं, शिमोग्याकडनं आणलेले हत्ती, आणि शेवटी बिबट्या काही सापडला नाही. तेव्हा अप्पा रोज पेपर बघून म्हणायचे, "त्या घाणेरीत साहेबांचे चेंडू सापडले नाहीत मला, बिबट्या काय सापडतोय."

चेंडूवरनं त्यांची ती गोष्ट आठवली. घरात सगळ्यांना पाठ आहे. एक साहेब होते, तापट. त्यांनी विचारलं, कुठली काठी घेऊ? अप्पा म्हणाले, सात नंबर. साहेबांना वाटलं, या पोराला काय कळतंय. पाच नंबर घेतली, चेंडू हिरवळीवरनं पार पलीकडे झुडपात. आणि शिव्या कुणाला? अप्पांना! चेंडू शोधत बसले तासभर. हाताला काटे. फेरीचा दीड रुपया मिळायचा, त्या दिवशी एकच मिळाला.

आता त्या टेबलावरच्या पोरासाठी थोडा इतिहास. इंडियन ओपन ही आपल्या देशातली व्यावसायिक पुरुष गोल्फची सगळ्यात मानाची स्पर्धा. १९६४ ला दिल्लीत सुरू झाली. ती सुरू करण्यात ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनचा मोठा हात, आणि पहिल्या वर्षी जिंकलाही तोच. पुढे आणखी दोनदा, १९६६ आणि १९७६. मधे १९६५ ला बिल्लू सेठी जिंकले, पहिले भारतीय. तेही हौशी खेळाडू, म्हणजे पैशासाठी न खेळणारे. हौशी माणसाने ही स्पर्धा जिंकली ती तेवढी एकदाच. ठीक आहे, मोठा माणूस, मान आहे.

पण सेठींनंतर भारतीय नाव चषकावर यायला किती वर्षं लागली? सव्वीस! १९९१ ला अली शेर जिंकला. कोण हा अली शेर? दिल्ली गोल्फ क्लबमधला कॅडी. बॅग उचलायचं काम करणारा. स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू तो. एकदा जिंकून गप्प बसला नाही, १९९३ ला परत जिंकला.

२०१३ ला बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान. ढाक्याच्या मैदानावर चेंडू गोळा करणारा पोरगा होता. २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोनदा, एसएसपी चौरासिया. त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखायला होते. तो क्लब १८२९ चा, आणि एवढ्या जुन्या क्लबातनं जिंकून आलं कोण, तर गवत राखणाऱ्याचं पोर.

आणि २००९. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. सी. मुनियप्पा. आपल्याच राज्याचा, बंगळुरूचा, कॅडीच. बरोबरी झाल्यावर जो जादा खेळ होतो, त्या प्लेऑफमध्ये जिंकला. आता आपल्यातलेच काहीजण म्हणतील, तो कन्नड माणूस, आपला कुठनं? म्हणा बापडे. सीमाप्रश्नावर मी कुठे उभी आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यात बदल नाही. पण ज्याच्या खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याचा वळ आहे तो माझ्या अप्पांचा सोयरा. त्या दिवशी अप्पांनी पेपरातला त्याचा फोटो कापून दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत ठेवला होता. कन्नड पेपर होता, बरं का. हॉटेलातनं मागून आणलेला.

हो, माहीत आहे, प्रत्येक कॅडी काही मुनियप्पा होत नाही. अप्पा तर कधी एकही स्पर्धा खेळले नाहीत, त्यामुळे नियमाने बघितलं तर पोरगा बरोबरच होता. हेही लिहून टाकते. आणि सगळे साहेब वाईट नव्हते. माझ्या दहावीच्या पुस्तकांचे पैसे एका मेजरसाहेबांनी दिले होते, ते मी विसरलेले नाही.

तरीपण सांगा, वारा कुठला, जमीन ओली की कोरडी, चेंडू पडून कुठे घरंगळणार, हे ज्याला कळतं तो हमाल? साहेबाच्या आधी अप्पांना कळलं होतं ना, सात नंबर! कळणं हा खेळ नाही तर मग काय आहे?

२०१७ नंतर २०२५ पर्यंत ही स्पर्धा एकही भारतीय जिंकला नाही. कोरोनात तीन वर्षं झालीच नाही. नंतर जर्मन, जपानी, स्पॅनिश जिंकले. बक्षिसांची रक्कम २०२४ ला साडेबावीस लाख डॉलर. त्याचे रुपये किती होतात ते अप्पांना सांगितलं, तर विचारतात, "त्यातले कॅडीला किती?"

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या पोराचं वय बावीस-तेवीस असेल, त्याला कुणी सांगितलंच नसेल. फॉर्म अजून माझ्या पर्समध्ये आहे, घडी घातलेला. अप्पा बाहेर कट्ट्यावर बसलेत, हातात चालायची काठी. मघाशी बघितलं तर काठी उलटी धरून, डावा अंगठा खाली दाबून, समोरच्या चपलेवर नेम धरत होते. मी बघतेय हे कळल्यावर काठी सरळ केली.

"झोप आता," म्हणाले, "पहाटे पाणी येणार आहे."