रूट कॅनलने कॅन्सर होत नाही, उपचार अर्धवट सोडू नका

'९७ टक्के कॅन्सर रुग्णांनी रूट कॅनल केलेलं असतं. मेलेला दात शरीरात विष सोडतो. दाढ काढून टाका, नाहीतर लवंगेचं तेल लावा. डॉक्टर हे सगळं पैशांसाठी करतात.' व्हॉट्सॲपवरचा हा मजकूर डिचोलीच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने दुसऱ्या सिटिंगला जायचंच सोडलं. दाढ उघडून आत औषध भरलंय, वर तात्पुरतं सिमेंट. ते झिजलं की लाळेतले जंतू पुन्हा आत शिरणार. मजकूर ज्या सडण्याची भीती घालतो, ते उपचार असे मध्येच सोडल्यानेच होतं.

आधी ते ९७ टक्के. कोणी मोजले, कुठे, किती रुग्णांत? मजकुरात काहीच नाही. कॅन्सर बहुतेकांना उतारवयात होतो आणि तोवर अनेकांच्या दातांवर काही ना काही उपचार झालेले असतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. आणि दाताच्या डॉक्टरची पायरी कधीच न चढलेली जी माणसं कॅन्सरने गेली, त्यांचं काय? या कल्पनेचं मूळ शंभर वर्षं जुनं आहे. वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याने रूट कॅनल केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवले. ससे आजारी पडले आणि त्याने माणसांच्या आजारांचं खापर दातांवर फोडलं. पुढे इतरांनी नीट काळजी घेऊन प्रयोग केले, तेव्हा त्याचे निष्कर्ष टिकले नाहीत. उलट २०१३ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाच्या कान-नाक-घशाच्या आवृत्तीत आलेल्या अभ्यासात, एकाहून अधिक रूट कॅनल झालेल्यांमध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरचा धोका ४५ टक्के कमी दिसला. म्हणून रूट कॅनल कॅन्सर टाळतं असं मी म्हणणार नाही, पण त्याने कॅन्सर होतो हे म्हणायला आधार उरत नाही. तोंडाच्या कॅन्सरची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत: तंबाखू, मशेरी, सुपारी, दारू. मशेरीचा डबा हाताशी ठेवून लोक दाढेला घाबरतात, याचा मला संताप येतो.

'मेलेला दात' म्हणे. आतली सडलेली नस काढतात, बारीक फाइल्स आणि जंतुनाशक द्रावणाने मुळातल्या नळ्या साफ करतात, गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. दात मात्र भोवतालच्या जिवंत तंतूंनी हाडात धरलेलाच असतो. इंजेक्शनने भाग बधिर करतात. नंतर दोन-चार दिवस चावताना ठणकतं, तेवढंच. सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं.

एक मान्य करावं लागतं. काही रूट कॅनल फसतात. एखादी नळी सापडत नाही, जंतू उरतात, मग पुन्हा करावं लागतं. दाढ ठिसूळ होते, म्हणून कॅप टाळू नये. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं, आणि सगळे सांगत नाहीत.

लवंगेचं तेल ठणका कमी करतं, संसर्ग तसाच राहतो. दाढ काढली तर शेजारचे दात त्या फटीत कलतात, आणि नवीन दात बसवायचा खर्च वेगळाच.

पैशांची शंका असेल तर बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय सरकारी आहे. एक्स-रे घेऊन तिथे जा आणि दाढ वाचेल का, हे विचारा.