चवथीपर्यंत चिकटली पाहिजे

आमच्या दारातल्या फरशीकडे इतकी वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. बाबांनी 1987 साली बसवलेल्या फूटभर लांबी-रुंदीच्या लाद्या. पाच फूट बाय सहा फूट जागा, म्हणजे मोजून तीस. रंग भांडी विसळलेल्या पाण्याचा. सांध्यांत गोव्यातल्या बार्देशची तांबडी माती मुरलेली.

पण मेहुण्याने फोंड्याला नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीहून परतल्यावर बायको चप्पल काढता काढता थबकली. "अहो, आपल्या दारात पाऊल ठेवलं की आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं वाटतं."

गणपतीच्या चवथीला दोन महिने होते. मी तीन हजारांचं बजेट जाहीर केलं.

गवंड्याने चावीने दोन-चार लाद्या ठोकून पोकळ आवाज काढून दाखवला. फोडणं, मलबा उचलणं, रेती, सिमेंट, मजुरी असं करत त्याने जो आकडा सांगितला, त्यानंतर त्याला चहा देऊन निरोप देणं एवढंच माझ्या हातात होतं. जुन्यावरच नवी बसवली तर? "लादयेर लादी घाल्यार दार उगडचें ना, पात्रांव." खरंच होतं. आमचं फणसाचं दार आषाढात आधीच फुगून रुसलेलं असतं. त्याखाली लादी आणि मसाला मिळून अर्धा-पाऊण इंच चढला असता, तर आम्हांला थेट दिवाळीला बाहेर पडता आलं असतं.

मग म्हटलं, निदान सांधे तरी घासू. खाण्याचा सोडा आणि जुना ब्रश घेऊन बसलो. दोन तासांत अडीच सांधे पांढरे झाले आणि त्यामुळे उरलेले सगळे आधीपेक्षा काळे दिसू लागले. चिडून संडासातलं ॲसिड ओतलं. ते मातीला सोडून सांध्यातल्या सिमेंटलाच खातं, हे मला वाळू वर आल्यावर कळलं.

इपॉक्सी रंगाचा विचारही झाला. गुळगुळीत लादी आधी पॉलिशपेपरने खरवडायची, मग प्रायमर, मग दोन हात, आणि पुरता वाळेपर्यंत दारातून कुणी जायचं नाही. आईने एकच प्रश्न विचारला, "मग मासेवाली पाटी कुठे टेकवेल?" विषय संपला.

शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्टिकर मिळाले. पोर्तुगीज वळणाची निळी-पांढरी नक्षी, दहाचं एक पाकीट, तीन पाकिटं तेराशे पन्नास. तीस लाद्या, तीस स्टिकर. हिशेब इतका चोख जमला की चुकायला जागाच उरली नाही. ही आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, हे मला चौकटीपाशी कोपरा कापताना समजलं.

नक्षी एकमेकींना जुळायला हवी म्हणून प्रत्येक स्टिकरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर घातले. जमीन कोरडी हवी, अशी पाकिटावर सूचना होती. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात, तोही श्रावणात! टेबलफॅन लावला, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर फिरवला, आणि बुडबुडे काढायला लाटणं घेतलं. त्या दिवशी घरात चपात्या झाल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा दार खरोखर देखणं दिसत होतं. "चहाच्या बशा मांडल्यासारखं," आई म्हणाली. तिच्या तोंडून ही स्तुतीच.

आठवड्याभरात खालचे सांधे वर उमटले. मग कडा उचलल्या. मी येता-जाता टाचेने दाबत होतो आणि मनात एकच जप: चवथीपर्यंत चिकटली पाहिजे.

चवथीच्या सकाळी भटजी आले. नळावर पाय धुतले आणि पायपुसण्यावर घासून घासून कोरडे केले. तिथेच घात झाला. पुढच्या लादीचा कोपरा उलटा दुमडून गोंदाची बाजू वर करून बसला होता. भटजी पुढे गेले, त्यांच्याबरोबर लादीही गेली. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली पोचल्यावर त्यांना काहीतरी फरफटतंय असं जाणवलं. पाय उचलून त्यांनी ती सोलली, उजेडाकडे धरली आणि कोपऱ्यातला नंबर वाचला.

"पत्री एकवीस सांगितल्या होत्या," ते म्हणाले, "पण ही सतरावी कुठल्या झाडाची?"